घटस्फोट आणि मालमत्ता : कोर्ट खरंच 'अर्धं-अर्धं' करतं का?



पालकसभा संपल्यावर एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "आमचं वेगळं झालं तर घर अर्धं मिळतं ना हो?" टीव्हीवरच्या मालिका बघून बऱ्याच जणांचा तसा समज झालेला असतो. म्हणून आजचा पाठ या प्रश्नावर. इथली माहिती हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. इतर धर्मीयांचे आणि विशेष विवाह कायद्याचे नियम वेगळे आहेत.

मूळ मुद्दा

आपल्याकडे 'लग्नानंतर कमावलेलं सगळं दोघांचं' असा कायदा नाही. कोर्ट सरसकट निम्मे भाग पाडत नाही. वस्तू कुणाची, कुणी दिली, पैसे कुणी भरले आणि कागद काय सांगतो, एवढंच ते विचारतं. शेजारच्या गोव्यात मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नी मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक असतात. आपल्याकडेही पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

एक उदाहरण घेऊ (काल्पनिक)

सासर पेणचं, माहेर रोह्याचं. नवऱ्याचा गणपतीचा कारखाना. बायको बारा वर्षं रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करते. दोन मुलं. आता एकेक वस्तू पाहू.

१) दागिने : आई-वडिलांनी, नातेवाइकांनी, सासरच्यांनी तिला दिलेलं सोनं हे स्त्रीधन. मालकी फक्त तिची. ते सासरच्या कपाटात असलं तरी सासरचे फक्त सांभाळणारे ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं. २०२४ मध्येही पुन्हा सांगितलं की स्त्रीधन ही पती-पत्नीची सामाईक मालमत्ता नाही.

२) फ्रीज, कपाट, भांडी : लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंबद्दल घटस्फोटाच्या निकालातच आदेश देता येतो (कलम २७). महाराष्ट्रातल्या कदम विरुद्ध कदम या खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ थोडा रुंद केला. वस्तू लग्नाच्या आधी किंवा नंतर दिली, तरी तिचा संबंध लग्नाशी असला पाहिजे.

३) दोघांच्या नावचा फ्लॅट : दोघंही मालक. वाद झाला तर खरेदीखत, कर्जाचे हप्ते आणि बँकेचं पासबुक बघितलं जातं. रोख दिलेले पैसे सिद्ध करणं फार अवघड जातं.

४) सासऱ्यांच्या नावचं घर : इथे सुनेला मालकी नाही. पण कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ नुसार राहण्याचं संरक्षण मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्या कारणाने ते नाकारता येत नाही, असा निकाल २०२० चा आहे. मात्र हे संरक्षण कायमचं नाही. कायदेशीर मार्गाने तिला घर सोडायला लावता येतं.

५) सातबाऱ्यावरची वडिलोपार्जित जमीन : घटस्फोट घेणारी पत्नी त्यात वाटा मागू शकत नाही. पण जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची असेल तर मुलांचा हक्क जन्मानेच असतो, मुलगा असो की मुलगी. महाराष्ट्राने मुलींना हा हक्क १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. आई-वडील वेगळे झाले म्हणून मुलांचा हक्क जात नाही, हे पालकांना आवर्जून सांगा.

६) कारखाना : सगळ्यात दुखरी बाब ही. बारा वर्षं हात रंगले, पण परवाना, बँक खातं, जीएसटी सगळं नवऱ्याच्या नावावर. भागीदारीचा कागद नसेल तर मालकीचा वाटा मागायला आधार फारसा राहत नाही.

मग तिच्या कष्टांचं काय?

ते पोटगीत मोजले जातात. कलम २५ खाली कोर्ट दोघांची मिळकत, मालमत्ता आणि परिस्थिती बघून एकरकमी किंवा मासिक रक्कम ठरवतं. गरज पडली तर त्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. मिळकत लपवली जाऊ नये म्हणून रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात, २०२० मध्ये, पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक झालं. मुलांच्या शिक्षणाचा खर्च कलम २६ खाली मागता येतो.

जायचं कुठे?

माहेरी राहायला आलेली पत्नी, ती राहते त्या भागातल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करू शकते. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे तो दिवाणी न्यायालयात वरिष्ठ स्तरावर चालतो. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, त्यातच स्त्रीधन परत मागण्याची विनंतीही, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बाईला त्यासाठी रोह्याहून पेणला खेपा घालायची गरज नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा अलिबागचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने महिला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

परस्पर संमतीने वेगळं व्हायचं असेल तर वाटणी दोघांनी मिळून ठरवता येते. पण संमतीच्या अटींमध्ये 'घर पत्नीला' एवढंच मोघम लिहू नका. गट नंबर, घर नंबर, रक्कम, तारीख आणि मुलांची फी कोण भरणार, सगळं लिहा.

पालकांसाठी गृहपाठ

• दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले फोटो एका फाईलमध्ये ठेवा.
• हप्ता भरताना रोख नको, बँकेतूनच भरा.
• घर घेताना दोघांची नावं लावा.
• घरच्या धंद्यात दोघं राबत असाल तर भागीदारीचा कागद करा.

हे सगळं संसार सुखाचा असतानाच करायचं असतं. यात अविश्वास कसला? मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर नाव नीट लागलंय ना, हे आपण दहा वेळा तपासतो. तिच्या आईचं नाव घराच्या कागदावर आहे का, हेही एकदा बघूया.