मूठ कोण आवळते? बोटे वाकवणारे स्नायू आणि मनगटातील बोगदा

उजव्या हाताची मूठ सावकाश आवळा आणि त्याच वेळी डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या थोडे खाली, आतल्या बाजूला ठेवा. त्वचेखाली काहीतरी फुगताना जाणवेल. मूठ बोटांची, पण जोर मात्र वीतभर मागे! कारण बोट हलवणारा एकही स्नायू बोटात नसतो. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. त्यांच्यापासून निघालेले स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे दोरे पडद्यामागून ओढावेत, तसेच हे आहे.

हे स्नायू तीन थरांत असतात. वरच्या थरातील चारही स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्यापाशी सुरू होतात. दोघांचे काम मनगट वाकवणे, एकाचे तळहात पालथा करणे. चौथा, पामारिस लाँगस, काही जणांच्या हातात नसतोच. अंगठा आणि करंगळीची टोके जुळवून मनगट थोडे आत वाकवा; मध्यभागी दोरीसारखे उठून दिसते तो त्याचा रज्जू. नाही दिसला तरी चिंता नको, पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. शल्यचिकित्सक तर गरज पडल्यास हाच रज्जू काढून दुसऱ्या तुटलेल्या रज्जूच्या जागी बसवतात.

मधल्या थरातील रुंद स्नायूचे चार रज्जू चार बोटांच्या मधल्या पेराला जोडलेले असतात. सर्वांत खोल स्नायूचे चार रज्जू मात्र शेवटच्या पेरापर्यंत पोहोचतात. मग वरच्याला ओलांडून खालचा पुढे जातो कसा? वरचा रज्जू बोटाच्या मुळाशी चक्क दुभंगतो आणि त्या फटीतून खालचा पुढे निघतो. याचे भाषांतर करताना मी या जागी बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे पाहत बसलो होतो.

एक प्रयोग करून पाहा. हात टेबलावर उताणा ठेवून तर्जनी, मधले बोट आणि करंगळी दुसऱ्या हाताने सरळ दाबून धरा. आता फक्त अनामिका वाकवा. ती मधल्या सांध्यात वाकेल, पण तिचे टोक सैलच राहील. खोल स्नायूचे शेवटच्या तीन बोटांकडे जाणारे भाग एकमेकांत गुंतलेले असतात. शेजारची बोटे धरून ठेवली की अनामिकेचा भागही अडतो आणि काम एकटा मधला थर करतो.

आता मनगट. येथे आठ लहान हाडांची पन्हळ आणि तिच्यावर एक जाड पट्टा मिळून अरुंद बोगदा तयार होतो. बोटांचे चार आणि चार, अंगठ्याचा एक, असे नऊ रज्जू त्यातून जातात. (वाणिज्य शाखेच्या माणसाला असा जुळणारा हिशेब आवडतोच.) त्यांच्याच गर्दीत दहावी असते मीडियन ही चेता. आत सूज आली, की हाडे हटत नाहीत, पट्टा ताणत नाही. दाब सोसावा लागतो या मऊ चेतेला.

म्हणून अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अर्धी अनामिका यांना मुंग्या येतात, बहुधा रात्री, कारण झोपेत मनगट दुमडलेले राहते. करंगळी मात्र सुटते; तिची चेता बोगद्याबाहेरून जाते. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गर्भावस्था यांत हा त्रास अधिक संभवतो.

आपल्यापैकी अनेक जण सेवा म्हणून तासन्‌तास टंकलेखन करतात. अशा मुंग्यांकडे तप म्हणून पाहणे मला मुळीच पटत नाही. टंकलेखन करताना मनगट सरळ ठेवावे, मध्येच उठावे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा अनेकांना उपयोगी पडतो. पण बधिरपणा दिवसाही टिकू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. चेतेतून संदेश किती वेगाने जातो हे तपासता येते, आणि गरज पडल्यास तो पट्टा कापून बोगदा मोकळा करता येतो.