मुंगी आली, फुलपाखरू आलं

इंदूरच्या मराठी घरांतील लहान मुले 'फुलपाखरू आला' असे सर्रास म्हणतात. शब्द मराठी आहे, रूप हिंदीच्या वळणाचे. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. त्यामुळे दिवसभर हिंदी ऐकणाऱ्या मुलाला नपुसकलिंगाची सवयच होत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलांना ही गोष्ट व्याख्येने कळत नाही. म्हणून बालवाडीत मी किड्यांचा एक खेळ घेते. डफलीच्या ठेक्यावर मुले गोल फिरतात. 'मुंगी आली' म्हटले की रांगेने तुरुतुरु चालायचे. 'नाकतोडा आला', की टुणकन उडी. 'रातकिडा आला', की तळहातावर तळहात घासत 'किर्र' करायचे, कारण नर रातकिडा पंखावर पंख घासूनच आवाज काढतो. 'फुलपाखरू आलं', की हात पसरून भिरभिरायचे.

मुले रुळली की किड्याचे नाव गाळावे. ठेका थांबवून नुसते 'आली', 'आला' किंवा 'आलं' म्हणावे; कोण आले ते मुलांनी हालचालीतून दाखवावे. चूक झाली तर समजावत बसू नये. ठेका पुन्हा धरावा आणि बरोबर रूप मोठ्याने म्हणावे.

काही आठवड्यांनी एका मुलीच्या आजी सांगत आल्या : स्वयंपाकघरातून नात किंचाळली, "आजी, झुरळ आलं!" झुरळ आमच्या खेळात नव्हते. घाबरलेले मूल नियम आठवून बोलत नाही. त्या 'आलं'ने मला खेळाचा निकाल कळला.