अनोळखी पक्कड ओळखावी कशी?

जुन्या बाजारातील अवजारांत कधी विचित्र जबड्याची पक्कड निघते. ती भंगारात टाकू नये, असे आम्ही कारागीर बंधूंना सुचवितो. आधी जबडा पाहावा. लाल, निळे, पिवळे ठिपके असल्यास ती प्लॅस्टिक आवरणाच्या थिंबलची. लाल साधारण दीड, निळा अडीच, पिवळा सहा चौरस मि.मी.पर्यंतच्या तारेसाठी. दुहेरी कमानीची खाच उघड्या पत्र्याच्या पिनांची. षट्‌कोनी खाच तांब्याच्या जाड थिंबलची किंवा टीव्ही केबलच्या कनेक्टरची. पूर्ण दाबल्याशिवाय मूठ उघडत नसेल, तर ती बिघडली असे समजू नये. रॅचेट अपुऱ्या दाबावर सोडत नाही.

शेवटी तुकड्यावर दाबून तार ओढून पाहावी. चुकीच्या खाचेतला सांधा सैल राहतो, तापतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी आग लागू शकते.