साबणासाठी शेळीच्या दुधाची निवड व संकलन

धाराशिव जिल्ह्याची ओळख ज्या काही मोजक्या गोष्टींनी देशभर झाली, त्यांत उस्मानाबादी शेळीचा क्रमांक वरचा लागतो. जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव असे झाले, तरी शेळीच्या जातीचे नाव पूर्वीचेच राहिले आहे. उंच पायांची, बहुधा काळ्या रंगाची ही शेळी कोरडवाहू मुलखातील बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला व बांधावरचे गवत यांवर गुजराण करते आणि अनेकदा एका वेतात दोन करडे देते. ती मुख्यत्वे मांसासाठी पाळली जाते. दूध हे तिचे दुय्यम उत्पन्न आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी.

अलीकडील वर्षांत शेळीच्या दुधाचा साबण घरच्या घरी तयार करण्याकडे ग्रामीण भगिनींचा ओढा वाढला आहे. याच जिल्ह्यात शिवार या सामाजिक संस्थेने शेतकरी कुटुंबांना बरोबर घेऊन उस्मानाबादी शेळीच्या दुधाचा साबण तयार करण्याचे काम हाती घेतल्याची वार्ता २०२१ च्या सुमारास वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली होती. तेव्हापासून अनेक बचत गटांकडून एकच पृच्छा होते: साबणासाठी दूध कोणते घ्यावे व कोठून मिळवावे? या लेखात त्याचा विचार केला आहे.

साबणास दूध किती लागते?

प्रथम हिशेब पाहू. अर्धा किलो तेलाच्या एका घाण्यास सुमारे १६० ग्रॅम दूध पुरते. त्यातून सुकल्यावर साधारणतः १०० ग्रॅमच्या सहा ते सात वड्या मिळतात. म्हणजे एक लिटर दुधात सुमारे ४० वड्या होतात. दहा शेळ्यांपासून प्रत्येकी २०० मिलिलिटर दूध मिळाले तरी रोजचे दोन लिटर होते आणि त्यात ८० वड्या निघतात. एवढा माल एखाद्या लहान गटास रोज विकता येणे कठीणच.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. एक, साबणासाठी करडाच्या तोंडचे दूध काढण्याचे काहीच कारण नाही. दुसरी, दुधाच्या भावात घासाघीस करून हलके दूध घेण्यात लाभ नाही. समजा, दुधाचा भाव लिटरला ८० रुपये आहे. तर एका वडीमागे दुधाचा खर्च दोन रुपये पडतो. स्वच्छ, खात्रीच्या दुधास दुप्पट, म्हणजे १६० रुपये दिले तरी तो चार रुपयांवरच जातो. दोन रुपयांच्या बचतीसाठी सारा घाणा बिघडवून घेणे शहाणपणाचे नव्हे.

करडाचा वाटा प्रथम

उस्मानाबादी शेळी दिवसाला साधारणतः अर्धा ते दीड लिटर दूध देते व सुमारे चार महिने दुधात राहते. करडास त्याच्या वजनाच्या सुमारे एकदशांश दूध रोज मिळाले पाहिजे. पाच किलो वजनाच्या करडास अर्धा लिटर, तर जुळ्या करडांस मिळून एक लिटर दूध लागते. ज्या शेळीचे दूधच लिटरभर आहे व जिच्याखाली दोन करडे आहेत, तिच्याजवळ साबणासाठी थेंबही शिल्लक नाही. असे असता दूध काढल्यास करडे खुरटतात, हगवणीस बळी पडतात आणि बाजारात त्यांचे वजन भरत नाही. साबणाच्या चार वड्यांपायी बोकडाचे मोल घालविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय.

म्हणून दूध पुढील शेळ्यांचेच घ्यावे:

१. जिच्याखाली एकच करडू आहे व ते पोटभर पिऊनही दूध उरते, अशी शेळी.

२. जिची करडे सुमारे तीन महिन्यांची होऊन पाला व खुराक नीट खाऊ लागली आहेत, अशी शेळी. दिवाळीच्या सुमारास व्यालेल्या शेळीची करडे माघ महिन्यात या वयाची होतात. शेळी आटण्यापूर्वीचे हे राहिलेले दिवस साबणाच्या दुधासाठी सर्वांत सोयीचे असतात.

३. जिचे करडू दगावले आहे, परंतु कारण संसर्गजन्य रोगाचे नाही, अशी शेळी.

व्याल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस चीक असतो. तो पूर्णपणे करडाचाच आहे. त्यावाचून करडाच्या अंगी रोगप्रतिकाराची शक्ती येत नाही. साबणासही चीक निरुपयोगी, कारण तो दाट असून तापविताच फाटतो. त्याचप्रमाणे घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस शेळीच्या दुधावर असेल, तर त्याचा पेला आधी भरावा व मगच साबणाचा विचार करावा.

शेळी निरोगी असावी

साबणातील कॉस्टिक सोडा सर्व दोष जाळून टाकतो, मग दूध कसेही असले तरी चालते, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. दूध साबणात पडण्यापूर्वी अनेक हातांतून जाते आणि धोका त्या हातांना असतो. गाभण शेळ्या अवेळी गाभडत असतील, तर तो ब्रुसेलोसिस असण्याचा संभव आहे. हा रोग कच्च्या दुधातून, तसेच वार व गर्भस्रावाच्या स्पर्शाने माणसास होतो आणि दीर्घकाळ उलटसुलट ताप येत राहतो. अशा कळपाचे दूध पशुवैद्यकाच्या तपासणीवाचून घेऊ नये.

काससुजीचे दूधही टाळावे. तिची पहिली खूण ओळखणे सोपे आहे. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्याव्यात. त्यात गुठळ्या, दोरे किंवा रक्ताची छटा दिसली, अथवा कास गरम व घट्ट लागली, तर ते दूध वेगळे करावे. जिला प्रतिजैविक औषध टोचले आहे, त्या शेळीचे दूध औषधाच्या वेष्टनावर दिलेला किंवा पशुवैद्यकाने सांगितलेला काळ संपेपर्यंत घेऊ नये.

धार काढण्याची रीत

शेळीच्या दुधास उग्र वास येतो अशी तक्रार असते. त्याचे एक मोठे कारण बोकड होय. माजावर आलेल्या बोकडाच्या अंगाचा वास दूध सहज शोषून घेते, म्हणून दुभत्या शेळ्या व बोकड एका गोठ्यात बांधू नयेत. कांद्याची पात व तत्सम वासाचा चारा धारेपूर्वी न देता नंतर द्यावा.

रात्री करडे वेगळी बांधून सकाळी धार काढणे सोयीचे जाते. हात साबणाने धुवावेत, कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करावी. धार स्टीलच्या भांड्यात काढावी, दोन-तीन पदरी धुतलेल्या कापडातून गाळावी. सर्व दूध पिळून न काढता कासेत काही शिल्लक ठेवून करडे सोडावीत.

दूध विकत घेताना

घरची शेळी नसल्यास शेजारच्या ओळखीच्या घरून, समोर काढलेले दूध घेणे सर्वांत उत्तम. शेळी दिसते, गोठा दिसतो, करडाची प्रकृतीही दिसते. गटाने गावातील अशा पाच-दहा घरांची नोंदवही ठेवावी. त्यात शेळी केव्हा व्याली, करडे किती, औषधोपचार कोणता झाला व रोज दूध किती घेतले, हे लिहावे. करडे हडकुळी दिसल्यास त्या घरचे दूध काही दिवस थांबवावे. गावातील पशुसखीने ही वही आठवड्यातून एकदा पाहिल्यास उत्तम.

अनेक कळपांचे एकत्र केलेले, दुरून आलेले दूध घेणे भाग पडल्यास पुढील साध्या कसोट्या लावाव्यात. चमचाभर दूध उकळून पाहावे. फाटल्यास ते आंबू लागले आहे असे समजावे. आंबट दुधातील आम्ल कॉस्टिक सोड्याचा काही अंश खाऊन टाकते व साबणास वास राहतो. उकळून थंड केलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकल्यावर निळा रंग आला, तर त्यात पिठाची भेसळ आहे. पाणी घातलेल्या दुधाने साबण बिघडत नाही, परंतु आपण पाण्याचे पैसे देतो, म्हणून दुग्धमापी जवळ असावी.

ताजे दूध न मिळाल्यास शेळीच्या दुधाची भुकटी वेष्टनावरील प्रमाणाप्रमाणे पाण्यात कालवून वापरता येते. मात्र तसे वडीच्या वेष्टनावर लिहावे. भुकटीचा साबण ‘ताज्या दुधाचा’ म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय.

साठवण

आणलेले दूध त्याच दिवशी एक उकळी देऊन भांडे थंड पाण्यात ठेवून निववावे. वर आलेली साय ढवळून मिसळावी. नंतर १६० ग्रॅमचे एकेक माप स्वच्छ पिशवीत किंवा डब्यात भरून गोठवावे. गोठताना दूध फुगते, यास्तव डबा काठोकाठ भरू नये. प्रत्येक मापावर तारीख लिहावी. गावात वीज वारंवार जाते, म्हणून एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये. ते त्याच दिवशी उपयोगात आणावे. उन्हाळ्यात चारा आटला की दूधही घटते. थंडीत साठविलेली ही मापे तेव्हा कामास येतात.

गोठवलेल्या दुधाचा उपयोग

दुधात साखर असते. कॉस्टिक सोडा त्यात पडताच मोठी उष्णता निघून ती साखर करपते, दूध नारिंगी वा तपकिरी होते व उग्र दर्प सुटतो. यासाठीच दूध गोठवून वापरावयाचे असते. एका घाण्याचे प्रमाण असे: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम, गोठवलेले दूध १६० ग्रॅम. या प्रमाणात तेलाचा शेकडा ५ इतका अंश मुद्दाम जादा ठेवला आहे. प्रत्येक तेलास लागणारा सोडा वेगळा असतो, म्हणून तेल बदलल्यास सोड्याचे प्रमाण नव्याने काढावे लागते. सर्व जिन्नस काट्यावर तोलूनच घ्यावेत. पेल्याने मोजू नयेत.

दुधाचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून त्यात सोडा थोडाथोडा टाकीत ढवळावे. सोडा दुधात टाकावा. सोड्यावर दूध कदापि ओतू नये. तो पूर्ण विरघळल्यावर हे मिश्रण कोमट केलेल्या तेलांत ओतून पातळ पिठल्याप्रमाणे दाट होईपर्यंत घोटावे व साच्यात भरावे. साचा गोधडीत गुंडाळू नये, कारण दुधाचा साबण आपसूकच तापतो. एक-दोन दिवसांनी वड्या कापून चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवाव्यात. वडीवर द्रवाचे खळगे दिसल्यास ती अंगास लावू नये.

कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा व रबरी हातमोजे घालावेत, काम उघड्या जागी करावे, मुले व जनावरे दूर ठेवावीत. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये. सोडा अंगावर उडाल्यास तो भाग वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धुवावा; डोळ्यांत गेल्यास तसेच धुवून ताबडतोब दवाखाना गाठावा. उरलेला सोडा नाव लिहिलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात कुलपात ठेवावा.

विक्रीपूर्वी

घरच्या वापरापुरता साबण करण्यास अडचण नाही. विक्रीसाठी मात्र साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरते व सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये उत्पादनास परवाना लागतो. त्याची माहिती अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातून आधीच घ्यावी. या साबणाने खरूज, इसब किंवा अन्य त्वचारोग बरे होतात, असे सांगू नये. साबण अंग स्वच्छ करतो. रोगासाठी आरोग्य केंद्रात जावे.

कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे असे

गटास साबणाचे प्रशिक्षण देण्यापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्याने गावातील दुभत्या शेळ्या व त्यांची करडे प्रत्यक्ष मोजावीत. करडाचा वाटा वजा जाता जे दूध उरेल, तेवढ्यावरच साबणाची योजना आखावी. ते थोडे वाटले तरी भिऊ नये, कारण लिटरभर दुधात चाळीस वड्या होतात. वर्षअखेरीस गटाने साबणाच्या विक्रीबरोबर गावातील करडांची संख्या व वजनेही वहीत पाहावीत. दोन्ही वाढलेली असतील, तर हा जोडधंदा योग्य मार्गाने चालला आहे असे समजावे.