एआयच्या मागे धावण्याआधी ढग हलवून बघा

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेले असतात. "एआय-डेटा सायन्सला कुठेही मिळेल ना? मॅनेजमेंट कोट्याची तयारी आहे." नाहीतर, "दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ करत बसतो, अ‍ॅनिमेशनला घालू का?" मुलाला काय आवडतं असं मी उलट विचारलं की उत्तरही आई-बाबाच देतात.

स्पष्टच सांगतो. चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळत असेल तर बेलाशक घ्या, त्यावर चर्चेची गरज नाही. चित्रकलेचा हात असेल आणि अ‍ॅनिमेशनची खरी ओढ असेल तर एनआयडी किंवा आयआयटी मुंबईच्या आयडीसीची तयारी वेळेत सुरू करा. पण ज्या कॉलेजात गणित शिकवायला धड माणूस नाही, तिथे ब्रँचच्या नावात एआय आहे एवढ्यासाठी घर गहाण टाकू नका. एआय म्हणजे शेवटी गणित, संख्याशास्त्र आणि डेटा. तो पाया ब्रँचच्या नावाने घातला जात नाही.

ज्या मुलाला विज्ञानही आवडतं आणि हलती चित्रंही, त्याच्यासाठी विज्ञानाचा डेटा हलत्या चित्रांत मांडायची एक वाट आहे, तिच्याबद्दल मला कुणीच विचारत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा गरगरत पुढे सरकणारे ढग आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. उपग्रह असा व्हिडिओ पाठवत नाही. इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह साधारण अर्ध्या तासाला एक स्थिर चित्र पाठवतात, आणि ते चित्र म्हणजे खरं तर आकड्यांचा तक्ता असतो. इन्फ्रारेड चित्रात ढगांच्या माथ्याचं तापमान त्या आकड्यांवरून काढतात. ते तक्ते रंगवून, ओळीने लावून हलते करणारा कुणीतरी असतो. हे काम पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब या मोफत लायब्ररीने घरच्या लॅपटॉपवरही करता येतं. तिचा कर्ता जॉन हंटर हा मेंदूचा अभ्यासक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहण्याच्या गरजेतून त्याने ती लिहायला घेतली आणि २००३ मध्ये सर्वांसाठी खुली केली. २०१२ मध्ये तो गेला, पण जगभरचे अनेक शास्त्रज्ञ आजही आपले आलेख तिच्यात काढतात.

हे करताना मुलाचा कल लगेच कळतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. दिवसाची ४८ चित्रं घेतली आणि दोन चित्रांमध्ये १०० मिलिसेकंद ठेवले, तर अख्खा दिवस पाच सेकंदांत डोळ्यांसमोरून जातो. नवखा मुलगा प्रत्येक वेळी चित्र मांडणारी 'आयएमशो' ही आज्ञा नव्याने बोलावतो. चित्रावर चित्र साचत जातं आणि लॅपटॉप रडायला लागतो. थोडा विचार करणारा एकदाच चित्र मांडतो आणि पुढे 'सेट डेटा'ने फक्त आतले आकडे बदलतो. 'फंकअ‍ॅनिमेशन'ने चित्रं हलवण्यासाठी तयार केलेली वस्तू एखाद्या नावात धरून ठेवली नाही, तर पायथन ती कचरा समजून फेकतो आणि पडद्यावर काहीच हलत नाही. कारण शोधत एखादा मुलगा जेवायचं विसरला, तर त्याला ओरडू नका. तो या कामाचा आहे.

खरी परीक्षा पुढे असते. रंगपट्टीची वरची आणि खालची मर्यादा ठरवून दिली नाही आणि प्रत्येक चित्राला आपापली पट्टी लागू दिली, तर वादळ आहे तेवढंच असूनही जोर धरल्यासारखं दिसतं. पूर्वी सर्रास वापरली जाणारी 'जेट' रंगसंगती नसलेल्या कडा दाखवायची, म्हणून मॅटप्लॉटलिबच्या २०१७ मधल्या २.० आवृत्तीपासून तिची जागा 'विरिडिस'ने घेतली. मधलं एखादं चित्र आलंच नसेल, तर वादळ उडी मारल्यासारखं दिसतं. तिथे रिकामी चौकट ठेवायची आणि प्रत्येक चौकटीवर वेळ छापायची. अशा चित्रावर विसंबून उद्या कुणी मच्छीमारांना होड्या बाहेर काढू नका म्हणून सांगणार असतो. हा प्रामाणिकपणा बटण दाबून येत नाही. त्यासाठी भौतिकशास्त्र यावं लागतं.

आणि यासाठी परदेशी जायची गरज नाही. पुण्यात हवामान संशोधनाची आयआयटीएम ही संस्था आहे, हवामान विभाग आहे, विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे. नारायणगावजवळच्या खोडदला तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिचा डेटा आकाशाच्या चित्रांत बदलणारी माणसं लागतातच. हृदयाच्या एमआरआयमध्येही ठोक्याच्या टप्प्याटप्प्याची चित्रं अशीच ओळीने लावून पाहतात. मार्ग सरळ आहे: भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन किंवा विद्यापीठातून एमएस्सी, आणि पहिल्या वर्षापासून पायथन. सुरुवातीच्या प्रोजेक्टच्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात आणि पगार आयटीच्या तुलनेत उशिरा वाढतो, हे मी लपवणार नाही. ते मान्य नसेल तर या वाटेला येऊ नका.

पण "बीएस्सी करून काय होतं, लोक काय म्हणतील" हे कारण मला सांगू नका. ज्या नातेवाइकांच्या भीतीने तुम्ही ब्रँच ठरवता, त्यातलं कुणीही तिसऱ्या सेमिस्टरला केटी लागली की मुलाच्या खोलीत येऊन बसणार नाही. नको असलेल्या ब्रँचमध्ये अडकलेली मुलं मी पाहतो. ती भांडत नाहीत, हळूहळू बोलायची बंद होतात. याची जबाबदारी कॉलेजवर ढकलता येत नाही, पालकहो.

कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला अजून दिवस आहेत. इस्रोच्या 'मॉस्डॅक'वर नोंदणी करून इन्सॅटचा डेटा मिळतो. मुलाला एका दिवसाचे ढग हलवायला सांगा आणि आठवडाभर त्याच्या मागे उभे राहू नका. नंतर दोनच प्रश्न विचारा: हीच रंगपट्टी का घेतलीस, आणि मधे कुठली चित्रं आली नव्हती? उत्तर देताना तो रंगला तर बीएस्सीची माहितीपत्रकं आणा, कंटाळला तर ही वाट सोडून द्या. आणि फॉर्म त्याला स्वतःला भरू द्या. लॉगिनचा पासवर्डही त्याच्याकडेच असू द्या.