बाळंतिणीचे पहिले ४२ दिवस

सिद्धार्थ अवघा सात दिवसांचा असताना माता महामाया गेल्या आणि महाप्रजापती गौतमींनी त्याला आपल्या दुधावर वाढवले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. राजवाड्यातल्या बाईलाही बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा निभावला नाही. आज दवाखाने आले, औषधे आली, तरी तो आठवडा नाजूकच राहिला आहे. जन्मानंतर महिन्याच्या आत जी बाळे दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांतच जातात. आईला अतिरक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका पहिल्या २४ तासांत असतो. जंतुसंसर्ग, रक्तदाब, मनाचे आजार हे त्यानंतरही सहा आठवडे मागे लागू शकतात. म्हणून या वेळच्या आरोग्यपानावर आपण पहिले ४२ दिवस समजून घेऊ. बाळ जपायचे असेल तर आधी बाळंतीण जपली पाहिजे, हे या पाठाचे सार आहे.

एका दिवसाचा हिशोब

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. एका वेळेला अर्धा तास धरला तरी नुसते पाजण्यात पाच-सहा तास जातात. त्यात ढेकर काढणे, दुपटी-लंगोट बदलणे, रडे शांत करणे आले. बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते खरे, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्री अकराला पाजले की एकला उठते, पुन्हा तीनला, पुन्हा पाचला. बाळंतिणीला सलग दोन तास झोप मिळणे कठीण असते. 'दिवसभर तर बाजेवर पडून असते, काम काय आहे तिला?' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून पाहावा.

यावर उपाय साधा आहे. बाळ झोपले की आईने झोपावे. त्या वेळी भांडी, धुणे, स्वयंपाक ही कामे घरातल्या इतरांनी उचलावीत. दुपटी धुऊन उन्हात वाळवणे, बाळाचा ढेकर काढणे, रात्री एकदा उठून लंगोट बदलणे ही कामे बाळाचा बाप सहज करू शकतो. त्याला फक्त दूध पाजता येत नाही.

दूध

बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळसर, दाट दूध म्हणजे चीक. तो थोडाच येतो, पण बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. रोगांशी लढण्याची ताकद बाळाला त्यातून मिळते, म्हणून तो पिळून टाकू नये. सिझेरियन झाले असले तरी कोणीतरी आधार देऊन, आईला कुशीवर वळवून पाजता येते.

पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि बोंडीभोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात गेलेला असावा. नुसती बोंडी चोखली तर तिला चिरा पडतात आणि दूधही नीट येत नाही. चिरा पडल्याच तर पाजून झाल्यावर शेवटचा दुधाचा थेंब तिथे लावून वाळू द्यावा. स्तन लाल होऊन ताप आला तर दाखवून घ्यावे, पण पाजणे थांबवू नये.

'दूध पुरत नाही' ही शंका जवळजवळ प्रत्येक आईला येते. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते, त्याची भीती नको. बाळ जितके जास्त ओढेल तितके दूध जास्त तयार होते. वरचे दूध सुरू केले की बाळ ओढणे कमी करते आणि मग आईचे दूध खरोखरच कमी होते.

पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको. मध नको, गुटी नको, साखरपाणी नको. मे महिन्याच्या उकाड्यातही पाणी नको, कारण आईच्या दुधातच पुरेसे पाणी असते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तेवढे द्यावे. आपल्या कोल्हापूरला म्हशीच्या दुधाचे मोठे कौतुक आहे. ते दूध बाळाला नको, बाळंतिणीला द्या.

ऊब आणि स्वच्छता

नवजात बाळाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. पोट गरम आणि तळपाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे असे समजावे. टोपडे, मोजे घालावेत आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरावे, वरून पांघरूण घ्यावे. कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत फारच उपयोगी आहे. आई थकली असेल तर बाप किंवा आजीही अशी ऊब देऊ शकते. पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये. वजन अडीच किलोच्या आत असेल तर आशाताई किंवा डॉक्टर सांगेपर्यंत ओल्या कापडाने पुसणे पुरे.

नाळ कोरडी आणि उघडी ठेवावी. तिला हळद, तेल, राख काहीही लावू नये. बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, पाहुण्यांनीही. बाळाला उताणे झोपवावे.

सोडून द्यायच्या गोष्टी

हलक्या हाताने तेल लावणे, अंग चोळणे यात वाईट काही नाही, बाळाला ते आवडते. पण नाका-कानात तेल सोडणे, टाळू दाबणे, छाती पिळणे हे करू नये. नवजात बाळाची, मुलगा असो की मुलगी, छाती थोडी फुगते आणि आपोआप बसते. मुलीच्या लंगोटाला एखादा रक्ताचा डाग दिसला तरी घाबरू नये. डोळ्यांत काजळ घालू नये. पोट दुखते म्हणून बिब्बा लावणे किंवा डाग देणे म्हणजे कोवळी कातडी भाजणे. अंघोळीनंतरची धुरी बाळाच्या फुप्फुसात जाते. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली तर विषारी वायू साठून आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

आपण विटाळ मानत नाही असे म्हणतो, पण बाळंतिणीची अंधारी, कोंदट खोली कितीतरी घरांत अजून तशीच आहे. तिला उजेड आणि हवा हवी. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असे जुन्या बायका सांगत. त्या रात्री पूजा मांडण्यापेक्षा बाळाचे वजन किती, अंगावर नीट पिते का, तळवे पिवळे दिसतात का, हे पाहिले तर बाळाच्या उपयोगी पडेल.

बाळंतिणीचे ताट

पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा एक जेवण जादा लागते. पण आपल्याकडे 'बाळाला बाधेल' म्हणून तिचे ताट रिकामे करत नेतात. डाळ नको, भाजी नको, फळ नको, आणि पोट सुटेल म्हणून पाणीही नको! यातले काहीही खरे नाही. भाकरी, वरण, हिरवी पालेभाजी, शेपू, हुलग्याचे माडगे, नाचणीची आंबील, अंडी, मासे, मटणाचा रस्सा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सगळे चालते. लाडू परवडत नसतील तर शेंगदाणे-गूळ खावा. तहान लागेल तितके पाणी प्यावे, दर वेळी पाजायला बसताना जवळ तांब्या ठेवावा.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, तशाच कॅल्शियमच्याही. दोन्ही गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्या एकाच वेळी घेऊ नयेत आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये.

मन

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ बायकांना होते आणि दहा-बारा दिवसांत ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, बाळाकडे पाहावेसे वाटेना, झोपायला मिळूनही झोप लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आजार आहे. त्याला औषध आहे. 'नाटक करते', 'बाहेरचे झाले' असे म्हणून देवऋषीकडे नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर केव्हाही बोलता येते.

मुलगी झाली म्हणून बाळंतिणीचे तोंड पडते ते कोणामुळे, याचा विचार आपण करायला हवा. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८३९. २०११ मध्ये त्या ८६३ झाल्या. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते, तरी टोमणे आईला बसतात. ज्या घरात मुलीच्या आईचे लाडू कमी होतात, तिथे मुलीचे दूधही कमी होते.

धोक्याची लक्षणे: वाट पाहू नका

बाळ:
- दूध ओढत नाही, मलूल पडले आहे, उठवूनही उठत नाही
- मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, कण्हते
- अंग तापले आहे किंवा ऊब देऊनही गार पडते
- झटके येतात
- पहिल्याच दिवशी कावीळ दिसते, किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे होतात (अशी कावीळ उन्हात धरून जात नाही)
- नाळेभोवती लाली, पू, दुर्गंधी

आई:
- तासाभरात पॅड पूर्ण भिजते, गाठी पडतात, चक्कर येते
- ताप, घाण वासाचा स्राव, टाक्यांतून पू
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके
- एका पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणे, किंवा धाप लागणे
- स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार

यातले एकही लक्षण दिसले तर १०८ ला फोन करावा. सीपीआर रुग्णालयात नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे. जननी शिशु सुरक्षा योजनेत सरकारी रुग्णालयात आई आणि आजारी नवजात बाळ दोघांचे उपचार आणि ने-आण मोफत आहे. नेताना बाळ छातीशी ऊब देऊन धरावे आणि पीत असेल तर वाटेत पाजत राहावे.

आशाताईच्या सहा भेटी

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. या कामाचा पाया आपल्या महाराष्ट्रातच घातला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या कामाने नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. २०११ पासून ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. म्हणून आशाताई आल्या तर दारातून परत पाठवू नका. बाळाचे वजन करून घ्या, श्वास मोजून घ्या, मनातले विचारा. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी यांच्या लसी झाल्या का ते कार्डावर पाहा. पुढच्या लसी दीड महिन्याला असतात.

विश्रांती हा हक्क आहे

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार मुले गमावली. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात ते दुःख मोकळे केले. दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर ते बोलायला उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

पण उसाच्या फडात कोयता चालवणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, घरी बसून चपलेची वेणी घालणारी बाई या रजेत बसत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये आईच्या खात्यात येतात. अनुसूचित जातीच्या महिला तिला पात्र आहेत. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे करता येतो. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल तर मंडळाकडून प्रसूतीसाठी वेगळे साहाय्य मिळते. ज्यांना लवकर कामावर जावेच लागते, त्यांनी हाताने दूध काढून स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवावे. ते घरात चार तास टिकते. बाळाला ते वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नको.

हे पैसे रजेची जागा पूर्ण भरून काढत नाहीत. उरलेला भार घराने आणि वस्तीने उचलायचा आहे. शेजारी बाळंतीण असेल तर महिला मंडळाने पाळी लावून तिच्याकडे आठवडाभर एक वेळची भाकरी-भाजी पोचवावी. विहारात रविवारी जमतो तेव्हा वस्तीत कोण बाळंत झाली, आशाताई येऊन गेल्या का, योजनेचा अर्ज भरला का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल. आणि घरातल्या पुरुषांनी आज रात्रीच एकदा उठून बाळाचा लंगोट बदलावा.