सहावी-सातवीच्या वर्गांत भूमिती आणि ऋण संख्या : पाठांची आखणी

सहावीच्या गणितात वर्षाच्या आरंभीच तीन पाठ एकापाठोपाठ येतात. बालभारतीने २०१६ साली काढलेल्या पुस्तकात भूमितीतील मूलभूत संबोध, कोन आणि पूर्णांक संख्या असा त्यांचा क्रम आहे. २०१७ च्या सातवीच्या पुस्तकातही भौमितिक रचनांच्या पाठाला लागूनच पूर्णांक संख्यांचा गुणाकार व भागाकार येतो. पाठटाचणांत मात्र हे शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत. भूमिती संपली, कंपासपेटी दप्तरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर चिन्हांचे नियम आले, असा प्रकार पुष्कळ वर्गांत दिसतो. मुले नियम पाठ करतात, आठवडाभर बरोबर उत्तरे देतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्व विसरून येतात.

वास्तविक ह्या दोन पाठांना जोडणारी एक कल्पना आहे, ती म्हणजे दिशा. कोन म्हणजे दिशेत झालेला बदल. ऋण संख्या म्हणजे उलट दिशेने मोजलेले अंतर. आखणी करताना हे सूत्र हाती धरले तर तासिका वाचतात आणि मुलांचे आकलनही पक्के होते.

प्रथम ऋण संख्यांच्या प्रवेशाचा विचार करू. ऋण ह्या शब्दाचा अर्थच देणे असा असल्यामुळे कर्जाचे उदाहरण शिक्षकांना सहज सुचते. ते नवे नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे व गुणाकाराचे नियम सांगितले तेव्हाही त्याने मालमत्ता व देणे यांचेच शब्द वापरले होते. परंतु सोयाबीन व कापूस यांच्या भावावर ज्या घरांचे वर्ष चालते, त्या घरांतील मुलांपुढे कर्ज हा शब्द काढताना फार जपावे लागते. ‘तुझ्या वडिलांनी पाच हजार कर्ज काढले’ असे उदाहरण कोणत्याही मुलाच्या नावावर घालू नये, आणि कोणाच्या घरी देणे आहे हे तर वर्गात कधीच विचारू नये. मुलगा मान खाली घालतो, त्या दिवशी त्याच्यापुरते गणित तेथेच थांबते.

सिंदखेडराजा तालुक्यातील एका वर्गात शिक्षकांनी फळ्यावर −३ व −७ ह्या संख्या लिहून मोठी कोणती, असे विचारले. पुढच्या रांगेतील एका मुलीने ऋण सात असे उत्तर दिले. शिक्षकांनी ‘चूक’ म्हणून दुसऱ्या मुलास उभे केले. तास चालू राहिला, ती मुलगी मात्र पुढे काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांनी तिला जवळ बोलावून तसे उत्तर का दिले, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, तीन हजाराचं देणं मोठं का सात हजाराचं?” तिचा विचार चुकलेला नव्हता. ‘शून्यापासून किती दूर’ ह्या प्रश्नाचे तिने अचूक उत्तर दिले होते. शिक्षकांनी विचारलेला प्रश्न ‘कोण कोणाच्या उजवीकडे’ असा होता. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे वर्गात कोणीच सांगितले नव्हते. पूर्णांकांच्या पाठातील निम्म्या चुकांचे मूळ येथे आहे. म्हणून पहिल्या दोन तासिकांत लहान-मोठेपणाचा विषय काढूच नये; आधी स्थान पक्के करावे.

स्थान शिकवण्यास शाळेचे पटांगण पुरे आहे. चुन्याने एक सरळ रेघ ओढावी. तिच्या मध्यावर दगड ठेवून तो दुसरबीड मानावा. मेहकरकडे जाणारी दिशा धन, सिंदखेडराजाकडे जाणारी दिशा ऋण. एकेका पावलावर खूण करावी. मुलास दगडावर उभे करून ‘मेहकरकडे चार पावले, तेथून सिंदखेडराजाकडे सात पावले’ असे सांगितले की तो −३ वर पोहोचतो, आणि ४ + (−७) ही बेरीज त्याच्या पायांनी केलेली असते. ह्या रेघेवर नागमोडी चालता येत नाही. प्रत्येक वेळी तोंड फिरवले की अर्धे वर्तुळ, म्हणजे १८० अंशांचा कोन होतो. मागच्या आठवड्यातील सरळकोन येथे कामी येतो, हे मुलांच्या तोंडून वदवून घ्यावे. एका ओळीच्या सूचनेने दोन पाठ जोडले जातात.

आडव्या रेघेनंतर उभी रेघ घ्यावी. विहीर सर्वांना ठाऊक आहे. जमिनीची पातळी शून्य धरली तर पाणी ऋण अंकावर असते, आणि विहिरीवरचा रहाट धन अंकावर. म्हातारी माणसे अजूनही विहिरीची खोली परसांत सांगतात. मुलांनी घरी विचारून यावे. सिंदखेडराजाची सहल काढलीच तर राजवाडा पाहून परतू नये. तेथील पुतळा बारवेपाशी पायऱ्या उतरताना मुलांना ऋण एक, ऋण दोन असे मोठ्याने मोजण्यास लावावे. चढताना तेच अंक उलट क्रमाने येतात आणि ऋण सातावरून ऋण तिनावर येणे म्हणजे वर येणे, हे त्या मुलीला न समजावताही समजले असते.

जवळच्याच लोणारचे विवर तर ह्या पाठासाठीच आहे असे वाटावे. काळ्या खडकात उल्कापाताने झालेले हे विवर काठापाशी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच उठलेला आहे, आणि तळ्याचे पाणी काठापासून सुमारे १३७ मीटर खाली आहे. जमीन शून्य मानली तर काठ +२० वर व पाणी −११७ वर येते. काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर काढावयाचे तर २० − (−११७) = १३७. ऋण संख्या वजा केली असता बेरीज का होते, हा प्रश्न येथे नियमाने सुटत नाही, डोळ्यांनी सुटतो. काठावर उभा राहिलेला मुलगा ते अंतर ९७ मीटर आहे असे कधीच म्हणणार नाही.

ऋण वजा करण्याचा हाच अर्थ देण्याघेण्यात सांगावयाचा असल्यास गावाबाहेरचा एखादा काल्पनिक दुकानदार व त्याची उधारीची वही घ्यावी. वहीतील पाचशेची ओळ खोडली तर गिऱ्हाइकाच्या हातात रोकड येत नाही, तरी ते पाचशे पावले उजवीकडे सरकते. २००८, २०१७ व २०१९ साली जाहीर झालेल्या कर्जमाफ्यांची चर्चा मुलांनी घरी ऐकलेली असते. एखादा मुलगा ते उदाहरण स्वतःच देईल. द्यावे. ज्याने वेळेवर फेडले त्याला काय, असेही कोणी विचारील. तो प्रश्न गणिताच्या तासाचा नव्हे, पण तो हसण्यावारी नेऊ नये.

वाचनाबद्दल एक सूचना. −३ ही संख्या ‘वजा तीन’ अशी वाचू नये, ‘ऋण तीन’ अशीच वाचावी. ‘वजा’ ही क्रिया आहे, ‘ऋण’ हे संख्येचे स्थान आहे. ५ − (−३) हे ‘पाच वजा ऋण तीन’ असे स्वच्छ वाचता येते. ही सोय मराठीत आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. मुलांच्या जिभेवर उणेपणा पहिलीपासूनच आहे : एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस, पावणेदोन म्हणजे पावाने उणे दोन. हे सांगितले की मुले खूश होतात. मात्र तेथील ‘उणे’ ही वजाबाकी आहे, शून्याच्या डावीकडची जागा नव्हे, हेही लगेच सांगावे.

आता भूमिती. कोन शिकवताना कोनमापक पहिल्याच तासाला वाटू नये. गावात बांधकाम चालू असेल तेथे वर्ग न्यावा. गवंडी ओळंब्याने भिंतीचा उभेपणा पाहतो, गुण्याने कोपरा तपासतो, आणि पाया आखताना दोरीने एका बाजूस ३ फूट, दुसऱ्या बाजूस ४ फूट मोजून तिरपे अंतर ५ फूट भरते का ते पाहतो. ते भरले की कोपरा काटकोनात आला. पायथागोरसचा सिद्धांत सातवीत येतो, पण दोरीची ही युक्ती सहावीच्या मुलालाही करता येते. एकदा त्याने हाताने काटकोन काढला की वहीतील काटकोन त्याला परका राहत नाही.

ह्याच दोरीने एक पाठ असा घेता येतो की त्यात भूमिती व ऋण संख्या एकाच त्रिकोणात भेटतात. तो भास्कराचार्यांच्या लीलावतीतील आहे. हा ग्रंथ ज्याचा भाग आहे तो सिद्धांतशिरोमणी ११५० साली पूर्ण झाला. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळील पाटण येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे; तो १२०७ च्या सुमाराचा असून डॉ. भाऊ दाजी यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. गोष्ट दूरदेशची नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

त्रिकोण असा : पाया ९, दोन भुजा १० व १७. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे कोणते दोन तुकडे होतील, असा प्रश्न आहे. ह्या तुकड्यांना आबाधा म्हणतात. लांब दोरीवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी माराव्यात व एक गाठ म्हणजे एक माप धरावे. पटांगणावरील संख्यारेषेवर, त्याच मापाने नव्या खुणा करून, शून्यावर एक खुंटी व ९ वर दुसरी ठोकावी. शून्याच्या खुंटीपासून १० गाठींची दोरी व नवाच्या खुंटीपासून १७ गाठींची दोरी ताणून दोन मुलांना त्यांची टोके एकत्र आणण्यास सांगावे. टोके पायाच्या वर जुळत नाहीत. ती शून्याच्या पलीकडे, सिंदखेडराजाच्या बाजूला जुळतात. तेथून रेषेवर लंब टाकला तर तो −६ ह्या खुणेवर पडतो. लंबाची लांबी ८ भरते.

मुले ह्या ठिकाणी घुटमळतील, आणि त्यांना घुटमळू द्यावे. पायाचा तुकडा पायाच्या बाहेर कसा? भास्कराचार्यांच्या रीतीने सातवीच्या वर्गात गणित करून दाखवावे. १७ चा वर्ग २८९, १० चा वर्ग १००, वजाबाकी १८९. तिला पाया ९ ने भागले असता २१ येतात. पाया व २१ यांची बेरीज ३०, तिचे अर्धे १५, ही एक आबाधा. पायातून २१ वजा करावयाचे तर ९ − २१ = −१२, त्याचे अर्धे −६, ही दुसरी. येथे भास्कराचार्य आबाधा ऋण आली म्हणून उत्तर टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशेस, असे ते स्पष्ट सांगतात. मुलांनी दोरीने नेमके तेच पाहिलेले असते. मग पडताळा : −६ + १५ = ९, पाया जुळला. लंबाच्या पायथ्यापासून दूरच्या खुंटीपर्यंत ९ − (−६) = १५. एका बाजूचा काटकोन त्रिकोण ६, ८, १० असा, म्हणजे गवंड्याच्या ३, ४, ५ ची दुप्पट. दुसऱ्या बाजूचा ८, १५, १७. क्षेत्रफळ ९ गुणिले ८ चे अर्धे, ३६. सहावीच्या वर्गाने फक्त दोरी व मोजमाप करावे. वर्गांचे गणित सातवीसाठी ठेवावे. दोन इयत्ता एकाच शिक्षकाकडे असतील तर हा पाठ दोघींना मिळून घेता येतो, ही आणखी एक सोय. ह्यासाठी दोन जोडतासिका राखून ठेवाव्यात. एका तासिकेत घाईने उरकल्यास दोरीचा खेळ तेवढा होईल.

सातवीतील गुणाकारात ‘ऋण गुणिले ऋण धन’ ही जागा अवघड आहे. देण्याघेण्याचे उदाहरण येथे ओढूनताणून बसवावे लागते, ते टाळावे. मोटार चालू असता विहिरीतील पाणी तासाला ३ फूट उतरते आहे, आताची पातळी शून्य धरली आहे. चार तासांनी पातळी (−३) × ४ = −१२. चार तासांपूर्वी ती कोठे होती? वर, +१२ वर; म्हणून (−३) × (−४) = १२. त्यानंतर फळ्यावर −३ चा पाढा उलटा उतरवावा : दोनदा −६, एकदा −३, शून्य वेळा ०. प्रत्येक पायरीस तीन वाढतात, तर पुढची पायरी कोणती, हे मुलेच सांगतील. तरीही कोणास पटले नाही तर रागावू नये. इंग्लंडात फ्रान्सिस मासेरेस ह्या विद्वानाने १७५८ साली ऋण चिन्हाच्या वापराविरुद्ध आख्खा प्रबंध लिहिला होता. जे प्रौढ गणितज्ञास पटले नाही, ते बारा वर्षांच्या मुलास एका तासात पटलेच पाहिजे असे नाही.

चाचणीत पाच-सहा उदाहरणे पुरेत; त्यांतील एक तरी रेघ काढून सोडविण्याचे असावे, आणि एकास ‘असे का’ हा प्रश्न जोडावा. −३ व −७ यांपैकी मोठी कोणती, हे विचारताना ‘संख्यारेषेवर उजवीकडे कोणती’ आणि ‘शून्यापासून दूर कोणती’ हे दोन प्रश्न वेगवेगळे छापावेत. वही तपासताना चुकीच्या उत्तरावर नुसती फुली मारण्याऐवजी मुलाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे ते शेजारी लिहावे.

गाठींची दोरी शाळेतच ठेवावी. सुतळी ओली झाली की आखडते व नायलॉनची दोरी ताणली की वाढते, म्हणून प्रत्येक वेळी पाठापूर्वी गाठींचे अंतर मीटरपट्टीने पडताळून घ्यावे.